पंधरावा दात

१

कवटीचे तुकडे नऊ. खालचा जबडा एक. सुटे दात चौदा. मणके सतरा. फासळ्यांचे तुकडे एकतीस. हातापायांची लांब हाडं दहा. कमरेची चार. हातापायांच्या पंजांची बारीक हाडं सव्वीस. एकूण एकशे बारा.

क्वेनने ही यादी सोमवारी संध्याकाळी केली होती, हाडं धुऊन वाळवल्यावर. मंगळवारी दुपारी चार वाजता, सायगॉनच्या चोलॉन भागातल्या एका छोट्या विहाराच्या मागच्या खोलीत, तिने लाल कापड उलगडून पुन्हा मोजदाद केली. ती एकशे तेरा आली.

मोजण्यात आपण चुकत नाही हे तिला ठाऊक होतं. हाडं-दात तपासणाऱ्या प्रयोगशाळेत चार वर्षं तिने दुसरं काय केलं होतं? तरीही तिने तिसऱ्यांदा मोजलं. फासळ्या तितक्याच होत्या, मणके तितकेच. दातांची कापडी पुरचुंडी तिने पांढऱ्या कागदावर उपडी केली आणि चिमट्याने एकेक दात बाजूला सारत गेली.

पंधरा.

हाडं चोरीला जातात, हे तिने ऐकलं होतं. वाढतात, हे कधी ऐकलं नव्हतं.

२

दिन्ह बावन्न वर्षांपूर्वी ताय निन्हच्या रबराच्या बागेत मारला गेला, तेव्हा वीस वर्षांचा होता. क्वेनच्या वडिलांचा सगळ्यात मोठा भाऊ. घरी फक्त एक कागद आला, त्यावर लिहिलं होतं ‘दक्षिण आघाडी’. एवढ्यावर आजीचं समाधान झालं नाही. तिने दिन्हचा फोटो पूर्वजांच्या चौरंगावर कधी ठेवलाच नाही. तो कपाटात, कपड्यांखाली उलटा पडून होता. "हाडं बघितल्याशिवाय माझा मुलगा मेला असं मी म्हणणार नाही," असं ती म्हणायची. आता ती ब्याण्णव वर्षांची होती.

हाडं आणायला उत्तरेतल्या गावाहून तिघं आली होती. दिन्हचे धाकटे भाऊ लुओंगकाका, वय सहासष्ट. शेजारची न्हानआत्या, वय सत्तर. तिचा भाऊ तामही त्याच आघाडीवर गेला होता आणि तोही परतला नव्हता. त्याची कबर कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून एखाद्या बिननावाच्या थडग्यावर तरी उदबत्ती लावावी म्हणून ती निघाली होती. आणि तिसरे खिएमकाका, वय त्र्याहत्तर, दिन्हच्या तुकडीतले सैनिक. दिन्हला आपल्या हातांनी पुरल्याचं त्यांना आठवत होतं आणि जागा त्यांनीच दाखवली होती. सायगॉनला नोकरी करणारी क्वेन या तिघांना वाटेत मिळाली.

हाडं धुण्याचं काम घरच्यांचं. चक्रीफूल आणि दालचिनी उकळलेल्या पाण्यात लुओंगकाका एकेक हाड बुडवत, पुसत, न्हानआत्याच्या हातात देत. कवटीचा तुकडा पुढे आला तेव्हा क्वेनचे डोळे भरून आले, तशी न्हानआत्याने तिला कोपराने मागे ढकललं.

"लांब जा. थेंब पडला तर?"

"पडला तर काय होतं, आत्या?"

"जिवंत माणसाचं काही मेलेल्याच्या पेटीत गेलं की तो माणूसही मागोमाग जातो. अश्रू, केस, बटण, काहीही. माझ्या चुलत सासूच्या पेटीत तिच्या मुलाचा रुमाल पडला. वर्ष झालं नाही तोवर मुलगा गेला. तुमच्या प्रयोगशाळेत शिकवत नाहीत वाटतं हे?"

न्हानआत्याने स्वतःचे केस घट्ट बांधून वर कापड गुंडाळलं होतं. लुओंगकाकांनी शर्टाची बटणं आधीच तपासली होती.

आणि आता त्याच पेटीत कुणाचातरी दात होता.

क्वेनने चौदा दात एका रांगेत लावले आणि पंधरावा शेजारी ठेवला. चौदांचा रंग आतूनच तांबूस होता, त्या भागातल्या मातीतलं लोखंड त्यांच्यात मुरलेलं. पंधरावा तपकिरी. स्पिरिटात भिजवलेला बोळा फिरवताच तपकिरी रंग बोळ्यावर उतरला आणि खाली पिवळट पांढरं दिसू लागलं. चौदांचे माथे टोकदार होते, तरण्या पोराचे. पंधराव्याचा माथा जात्याच्या तळीसारखा घासून सपाट झाला होता. मुळावर चाकूने खरवडल्याच्या बारीक रेघा होत्या. तिने तो खिडकीशी धरला. मुळाच्या टोकातून उजेड आरपार येत होता. वय वाढतं तसं दाताचं मूळ टोकाकडून पारदर्शक होत जातं. तिने पट्टी लावून पाहिलं. साठीच्या पुढचा माणूस.

दात ताजा होता. ज्याच्या तोंडातून तो आला, तो माणूस जिवंत होता.

३

विहाराची भिक्षुणी दक्षिणेतली. पुरलेला माणूस पुन्हा वर काढायचा, ही उत्तरेकडची रीतच तिला अंगावर काटा आणणारी वाटे. पेटी ठेवायला तिने होकार दिला तो न्हानआत्याच्या चिकाटीमुळे. ती आज दिवसभर अंगणात भाजी निवडत होती.

"त्या खोलीत आज कुणी गेलं होतं, ताई?"

"मी तर नाही गेले. नावही काढू नकोस." तिने पालेभाजीची जुडी आपटली. "तुझी तीन म्हातारी माणसं गेली. अकरा ते एकच्या मधे. एकएकटी. प्रत्येकाने मला सांगितलं, बाकीच्यांना सांगू नका."

सकाळी चौघं बाजार बघायला निघाली होती. त्याआधी, नाश्त्याच्या टेबलावर क्वेनने तपासणीचा विषय काढला होता, कारण आजीने फोनवर बजावलं होतं: तू शिकलेली आहेस, तू हो म्हणालीस तर मी फोटो चौरंगावर ठेवीन, दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही.

"यातला एक दात घेऊन जाणार," क्वेनने सांगितलं होतं. "सगळ्यात चांगला टिकलेला. दाताच्या आत एक वारसा असतो. आईकडून मुलांकडे जसाच्या तसा येतो, मुलगा असो वा मुलगी."

"मग तुझ्याशी ताडून बघ," खिएमकाका म्हणाले.

"माझा उपयोग नाही. माझ्यात माझ्या आईकडचा आलाय. आजीचा हवा, नाहीतर काकांचा."

"म्हणजे माझा आणि दादाचा अगदी सारखा?" लुओंगकाकांनी विचारलं.

"एकाच आईचे ना तुम्ही. अगदी सारखा."

मग चौघं बाहेर पडली. बिन्ह ताय बाजारात सुक्या झिंग्यांच्या ढिगाऱ्यांमधून, स्कूटरींच्या पुरातून, एकमेकांच्या बाह्या धरून. न्हानआत्या रस्ता ओलांडताना डोळे मिटून घेई. खिएमकाका तिला चिडवत, "युद्धात एवढी माणसं मरत नसत." अकरा वाजता औषधांच्या गल्लीत, मुळ्या आणि साली विकणाऱ्या दुकानांपाशी, जो तो आपापल्या कामाला पांगला. एक वाजता पावाच्या गाडीपाशी भेटायचं ठरलं होतं.

दोन तास. तीन माणसं. एक दात.

४

खिएमकाका फाटकाबाहेरच्या बुटक्या स्टुलावर बसून बांबूची चिलीम भरत होते.

"गेलो होतो," ते म्हणाले. "उदबत्ती लावली. त्याच्याशी बोललो. बाकीच्यांसमोर बोलता येत नाही."

"काय बोललात?"

"तेवढं विचारू नकोस, पोरी."

"काका, पेटीत एक दात जास्तीचा आहे."

त्यांचा हात थांबला. मग त्यांनी तोंडात बोटं घातली आणि वरची, खालची, दोन्ही कवळ्या काढून तळहातावर ठेवल्या. तोंडाचं बोळकं झालं. "माझे सगळे विकतचे," ते फुसफुसत म्हणाले आणि कवळ्या परत बसवल्या.

"दुसऱ्याचा आणता येतो. त्या गल्लीत रस्त्यावर दात काढणारे बसतात."

"कशासाठी आणू? बारा वर्षं मी तुझ्या काकाला सांगतोय, तिसरी रांग, फणसाच्या बाजूला, तिथे दिन्ह आहे. तिथे भलत्याचा दात टाकला तर तुझी तपासणी म्हणेल हा दिन्ह नाही. स्वतःच्याच तोंडावर मारून घेऊ?" त्यांनी काडी पेटवली. "आज काहीतरी बिनसलंय सगळ्यांचंच. तुझ्या काकाला चिलीम पुढे केली तर नको म्हणाला. बारा वर्षांत पहिल्यांदा."

न्हानआत्या आत जिन्याच्या पायरीवर पाय चेपत बसली होती.

"मी गेले होते, मग? सिगारेटचं पाकीट ठेवायला गेले. पोरं तिकडे सिगारेटी ओढायला शिकली असतील. तुझ्या काकाला आवडलं नसतं म्हणून गुपचूप." तिने संशयाने पाहिलं. "पाकीट पेटीबाहेर ठेवलंय हं. आत नाही."

क्वेनने दाताचं सांगितलं. न्हानआत्याचा चेहरा पांढरा पडला.

"कुणाचा?"

"तेच शोधतेय."

"माझा नाही. सात उरलेत, हे बघ, मोजून घे." तिने खरंच तोंड उघडलं. "आपल्याकडचा कुणी असं करणार नाही. त्या भिक्षुणीला विचार. दक्षिणेतल्यांना यातलं काय कळतं?"

"ती खोलीच्या उंबऱ्यालाही शिवत नाही, आत्या."

"मग कोण? स्वतःच्या हाताने स्वतःचं मरण पेटीत कोण ठेवील?"

कोड्याचं टोक न्हानआत्याने आपणहून तिच्या हातात दिलं होतं. दात कुणी ठेवला असेल, हे शोधून ती थकली होती. दात कुणाच्या उपयोगी पडला असता, हे तिने अजून विचारलंच नव्हतं.

"आत्या, दुपारी पाव कुणी खाल्ला?"

"कुणी म्हणजे? मी. माझा आणि तुझ्या काकाचाही. त्याला कडक लागत होता म्हणे. तो नुसता बर्फाचा चहा पीत बसला." तिने पाय चेपणं थांबवलं. "लुओंग आणि बर्फाचा चहा."

५

लुओंगकाका विहाराच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी उभे होते. क्वेन शेजारी जाऊन उभी राहिली.

"काका, तोंड दुखतंय का?"

त्यांनी टाकीची तोटी उघडून हात धुतले आणि ती बंद केली.

"चिलीम ओढायची नाही, गरम प्यायचं नाही, कडक चावायचं नाही," ती म्हणाली. "दात काढल्यावर हेच सांगतात. तुम्ही तो चहात भिजवलात. पण मातीत बावन्न वर्षं राहिल्यावर रंग आत जातो, काका. वरून लावलेला पुसला जातो."

"महिनाभर हलतच होता," ते शेवटी म्हणाले. जीभ गालाच्या आत एका बाजूला ठेवून ते सावकाश बोलत होते. "त्या माणसाने चिमटा लावला आणि आला हातात. दुखलंही नाही फारसं. म्हटलं, चौदांत तो सगळ्यात धडधाकट दिसेल. तू तोच उचलशील."

"आणि तो माझ्या आजीच्या वारशाशी जुळेल. जुळायलाच हवा, तिच्याच मुलाचा दात." तिचा आवाज चढला नाही. "पण हाडं दिन्हकाकांची असती तर त्यांचा दातही जुळलाच असता. तुम्हाला एवढं करायची गरज नव्हती. म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं."

त्यांनी डावा हात पुढे केला आणि कोपरापाशी दुसऱ्या हाताने धरला.

"दादा बारा वर्षांचा असताना झाडावरून पडला. मी सांगितलं होतं त्याला, वरचं फळ काढ म्हणून. डावा हात इथून मोडला. वैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या, पण तो वाकडाच बसला. सैन्यात त्याला घेत नव्हते त्या हातापायी, दोनदा परत पाठवला. तिसऱ्यांदा गेला तो गेलाच. सोमवारी हाडं धूत होतो. उजवा हात धुतला. डावा घेतला. बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. सरळ होता, पोरी. दोन्ही सरळ होते."

क्वेनच्या वहीत ते होतं: दंडाची हाडं दोन्ही अखंड, जुन्या मोडीची खूण नाही. तिने ते लिहून पुढचं पान उलटलं होतं.

"न्हानआत्या म्हणते तसं... पेटीत जिवंत माणसाचं काही गेलं तर..."

"मीच तर शिकवलं सगळ्यांना ते. बटणं तपासायला मीच सांगतो."

"मग?"

"आई ब्याण्णव वर्षांची आहे. मी सहासष्ट. माझं झालंय सगळं." ते टाकीच्या तोटीकडे बघत राहिले. "तिने एकदा तो फोटो सरळ ठेवावा, एवढंच. आणि आत जो कोण आहे, त्यालाही घर मिळालं असतं."

क्वेनने खिशातून कागदाची पुडी काढून त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उघडली नाही.

"फोन लावा," ती म्हणाली. "मी सांगते."

आजीने दुसऱ्या घंटेलाच उचलला. "निघालात का? कुठल्या गाडीने?"

"आजी, मी क्वेन. आजी, हात सरळ आहेत."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. क्वेनच्या वडिलांनी मागून काहीतरी विचारलं.

"दोन्ही?"

"दोन्ही."

लुओंगकाका फोनकडे न बघता ऐकत होते.

"मग तो कुणाचा आहे?" आजीने विचारलं.

"माहीत नाही, आजी."

"शोधा. आणि तोवर त्याला उपाशी ठेवू नका."

६

भाताचा वाडगा न्हानआत्यानेच भरला. पेटीसमोर ठेवला, जेवायच्या काड्या आडव्या ठेवल्या, आणि मागे सरकून बसली. क्वेनने सगळं सांगितलं होतं. दाताबद्दल न्हानआत्या लुओंगकाकांना एक शब्दही बोलली नाही, फक्त त्यांच्या वाडग्यात पेज वाढताना तिने ती आधी फुंकून निववली.

खिएमकाका दाराशी उकिडवे बसले होते. चिलीम विझलेली होती.

"मी खोटं नाही बोललो, लुओंग."

"मी कुठे म्हटलं?"

"फणस होता. रांग तीच होती. त्या दिवशी दोघं पडले, दोघांनाही मीच पुरलं, शेजारी शेजारी. फळ्यांवर शाईने लिहिलं. एका पावसात शाई गेली असणार. नंतर कबरी हलवल्या, तेव्हा कुणीतरी डावं-उजवं..." त्यांनी चिलीम जमिनीवर ठेवली.

"दुसरा कोण होता?" क्वेनने विचारलं.

"नाव नाही आठवत. चार दिवसांपूर्वीच आला होता, माझ्या खंदकात. दिन्ह तेव्हा पुढच्या ठाण्यावर होता. कुणीतरी नाव सांगितलं ते फळीवर लिहिलं. उंच होता. खंदकात वाकून वाकून कंटाळायचा. म्हणायचा, युद्ध संपलं की आधी सरळ उभा राहणार."

क्वेनने वही उघडली. मांडीचं हाड पंचेचाळीस पूर्णांक आठ सेंटिमीटर. त्यावरून उंचीचा हिशेब तिने सोमवारीच मांडला होता: एकशे सत्तर, दोन-तीन कमी-जास्त. लुओंगकाका त्याहून बरेच बुटके होते, तिचे वडीलही. तिने आकडा मोठ्याने वाचला.

न्हानआत्याने वर पाहिलं.

"आमचा ताम दाराच्या चौकटीवर डोकं आपटायचा," ती म्हणाली. "रोज. आईने चौकटीला जुन्या गोधडीचं कापड गुंडाळलं होतं. तो गेल्यावरही आईने ते काढू दिलं नाही. मी तिच्या मागे काढलं. कशाला काढलं कोण जाणे. घरात उंच कुणीच नव्हतं."

"न्हानताई, उंच पोरं खूप होती," खिएमकाका हळूच म्हणाले. "आशा धरू नका."

"मी कुठे धरतेय? बावन्न वर्षं झाली, धरायला हात कुठे उरलेत." ती क्वेनकडे वळली. "आम्ही दोघं एका आईची. मला सात दात आहेत. त्यातला एक लागेल का?"

"दात नको, आत्या. गालाच्या आतून कापूस फिरवला की पुरतं."

"मग फिरव."

तिने तोंड उघडलं. क्वेनने कापूस फिरवला, नळीत घातला, वर नाव लिहिलं. लुओंगकाकांनीही तोंड उघडलं, खड्डा पडलेली बाजू सोडून. मग क्वेनने चौदा दातांतून, टोकदार माथ्याचा, तांबूस, सगळ्यात चांगला टिकलेला एक दात निवडला. पेटी पुन्हा बांधण्याआधी तिने मोजलं. एकशे अकरा, आणि एक नळीत.

गाडीची तिकिटं रद्द केली. तिघंही थांबली. न्हानआत्या रोज तीन वेळा वाडगा भरत होती. खिएमकाका रोज सकाळी एकटेच बाजारात जाऊन येत. भिक्षुणी चौथ्या दिवशी पहिल्यांदा खोलीच्या उंबऱ्याशी आली आणि दिव्यात तेल घालून गेली. आजीचा फोन रोज यायचा. ती एवढंच विचारायची: जेवला का?

बाराव्या दिवशी दुपारी क्वेन कागद घेऊन आली. तिघं पायरीवर बसलेली होती. तिने उभ्या उभ्याच वाचलं.

"दाताच्या नमुन्यात तुलना केलेल्या जागा, सहाशे दहा. लुओंग यांच्या नमुन्याशी फरक, सात. न्हान यांच्या नमुन्याशी फरक, शून्य."